खोक्यावर ‘टोल-फ्री’, मग बॅलन्स का कापला? कॉल दरांच्या फसव्या वर्णनाला आव्हान कसं द्यायचं



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून फोनच्या खर्चाचा हा धडा इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझ्याच दुकानातला किस्सा. बिलं छापायला एक छोटा प्रिंटर घेतला होता. गणपतीच्या तोंडावर पेणमध्ये गिऱ्हाइकांची कशी रांग लागते ते इथल्या लोकांना सांगायला नको. नेमका तेव्हाच प्रिंटर बंद पडला. खोक्यावर ‘टोल-फ्री मदत क्रमांक’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं, आणि खाली १८६० ने सुरू होणारा नंबर. दोन वेळा फोन लावला, दोन्ही वेळा बराच वेळ गाणं ऐकलं. नंतर बॅलन्स बघतो तर ३१ रुपये कमी! कंपनीला विचारलं, तर समोरची मुलगी म्हणाली, “सर, लोकल रेट आहे, म्हणजे फ्रीसारखंच.”

फ्री आणि फ्रीसारखं, यातला फरक ज्याला कळला त्याला आजचा धडा अर्धा कळला.

१. आधी शब्दांचा अर्थ समजून घ्या

१८०० ने सुरू होणारा नंबर टोल-फ्री असतो. कॉलचा खर्च कंपनी देते, तुमचा शून्य. १८६० वर खर्च वाटून घेतला जातो. फोन करणाऱ्याला लोकल कॉलचा दर लागू शकतो, वरचा खर्च कंपनीचा. तुमच्या रिचार्जमध्ये तो कॉल धरलाय की नाही, ते प्लॅनच्या अटींत बघावं लागतं. म्हणून १८६० ला ‘टोल-फ्री’ म्हणणं चूक आहे.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये ०८४५ आणि ०८७० ने सुरू होणाऱ्या नंबरांना कंपन्या वर्षानुवर्षं ‘लोकल रेट’, ‘नॅशनल रेट’ म्हणायच्या, आणि मोबाईलवरून लावणाऱ्याला भलताच खर्च यायचा. लोकांनी तक्रारी लावून धरल्या. शेवटी १ जुलै २०१५ पासून तिथे असा नियम आला, की अशा नंबरच्या कॉलचा दर दोन भागांत सांगायचा: तुमच्या फोन कंपनीचा वेगळा, नंबरमागच्या सेवेचा वेगळा. जाहिरातीत नंबर दिला तर सेवेचा दर शेजारी छापायचा.

दुसरा शब्द ‘महिना’. २८ दिवसांचा रिचार्ज मारला तर वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज लागतात. समजा रिचार्ज ३०० रुपयांचा. तुम्ही धंद्याच्या हिशेबात ३,६०० धरता, जातात ३,९००. दुकान, डिलिव्हरीवाला पोरगा, रोह्यातलं गोडाऊन असे चार नंबर असतील तर वर्षाला १,२०० रुपयांचा फरक. यावर ग्राहकांच्या तक्रारी गेल्या आणि २७ जानेवारी २०२२ ला दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला. त्यानुसार प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि किमान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होणारा प्लॅन ठेवावाच लागतो. दुकानदार २८ दिवसांचाच पुढे करतो. तुम्ही दुसरा मागून घ्या.

तिसरा शब्द ‘अनलिमिटेड’. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने नवे अनलिमिटेड प्लॅन आणले, पण दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर २८ दिवसांत १,००० मिनिटांची मर्यादा आणि त्यापुढे मिनिटाला ६ पैसे. काही दिवसांतच ती मर्यादा काढावी लागली. त्याआधी २०१६ मध्ये ‘व्हॉइस कॉल फ्री’ म्हणत आलेल्या जिओनेही ऑक्टोबर २०१९ मध्ये इतर नेटवर्कवरच्या कॉलला मिनिटाला ६ पैसे लावले होते. ते १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले. सांगायचा मुद्दा हा, की मोठा शब्द वर असतो आणि अट खाली. अट वाचायची सवय लावा.

२. नुसता राग चालत नाही, पुरावा लागतो

२००७ चं ‘कौन बनेगा करोडपती’ आठवतंय? शाहरुख खान होता तेव्हा. घरबसल्या उत्तर पाठवायची ‘हर सीट हॉट सीट’ स्पर्धा होती. प्रवेश फी नाही, पण एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. एका ग्राहक संस्थेने तक्रार केली, की बक्षिसाचा खर्च लोकांच्या एसएमएसमधूनच काढला जातोय आणि लोकांना मात्र बक्षीस फुकटचं वाटतंय. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वाहिनी आणि एअरटेल यांना मिळून १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई भरायला सांगितली.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. कारण? बक्षिसाची रक्कम थेट एसएमएसच्या पैशातून दिली गेली, हे तक्रारदाराला पुराव्याने सिद्ध करता आलं नाही.

हा निकाल मी प्रत्येक बॅचला सांगतो. संशय बरोबर असू शकतो, पण कागदाशिवाय तो टिकत नाही.

दुसरं प्रकरण आपल्या बाजूचं. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं पोस्टपेड बिल महिन्याला साधारण ५५५ रुपये यायचं. एका महिन्यात एकदम २४,६०९ रुपये आलं. तो ग्राहक मंचात गेला. कंपनी म्हणाली, टेलिफोनच्या तक्रारी जुन्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे लवादाकडे न्यायच्या, ग्राहक मंचाला अधिकारच नाही. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १६ फेब्रुवारी २०२२ ला कोर्टाने सांगितलं, की ग्राहकाला ग्राहक मंचात जाता येतं. बिल खरं की खोटं हे कोर्टाने तेव्हा ठरवलं नाही, पण दरवाजा उघडा आहे हे पक्कं झालं. त्यामुळे “मोबाईल कंपनीविरुद्ध काही करता येत नाही” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

३. आता पायऱ्या

पहिली पायरी, पुरावा गोळा करा. जाहिरात, खोकं, वेबसाईट, रिचार्जचा मेसेज, सगळ्याचा तारखेसह स्क्रीनशॉट किंवा फोटो. पैसे कापल्याचा मेसेज डिलीट करू नका. प्रीपेडवाल्यांनाही कॉलचा तपशील मागता येतो. मागच्या सहा महिन्यांतला तपशील कंपनीने द्यायचा असतो आणि त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. एक लक्षात ठेवा, पेण-रोहा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं आणि मुंबई हे वेगळं सर्कल. मुंबईच्या मामाने पाठवलेला प्लॅनचा फोटो तुमच्या तक्रारीत कामाचा नाही.

दुसरी पायरी, कंपनीकडे तक्रार. मोबाईल कंपनी असेल तर १९८ वर फोन करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. फी नाही. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवून उपयोग नसतो, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. माझ्या प्रिंटरसारखी दुसरी कंपनी असेल तर सरळ ईमेल करा.

तिसरी पायरी, बाहेरची मदत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. जाहिरातच फसवी असेल तर मुंबईतल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे तक्रार करता येते. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं.

चौथी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा आयोग अलिबागला आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं.

इथे उद्योजकांनी खास काळजी घ्या. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला कंपनी म्हणू शकते, “हा ग्राहकच नाही, हा व्यापारी.” पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून सेवा घेतली असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. हे वाक्य तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

४. तक्रार कशी लिहायची

“तुम्ही लुटता, तुम्ही चोर आहात” असं लिहू नका. चार ओळी पुरतात:

तुम्ही काय लिहिलंत (शब्द जसेच्या तसे, फोटो सोबत).
प्रत्यक्षात काय झालं (तारीख, वेळ, रक्कम).
मला काय हवंय (पैसे परत आणि वर्णनात दुरुस्ती).
किती दिवसांत हवंय.

मी प्रिंटर कंपनीला अगदी असंच लिहिलं. ३१ रुपयांसाठी कोण एवढं करतो, असं बायकोही म्हणाली. दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. पैसे परत आले नाहीत, पुढच्या रोलच्या ऑर्डरमध्ये सूट देतो म्हणाले. पण वेबसाईटवरचा ‘टोल-फ्री’ शब्द गेला आणि तिथे ‘कॉल दर लागू’ आलं. माझे ३१ रुपये बुडाले, माझ्यानंतर तो प्रिंटर घेणाऱ्याचे तरी वाचले असतील.

५. आता आरसा बघा

तुम्ही उद्या दुकान टाकाल, बोर्ड लावाल. ‘फ्री होम डिलिव्हरी’ लिहाल आणि ५०० च्या वरच्या ऑर्डरलाच द्याल. ‘अनलिमिटेड थाळी’ लिहाल आणि तिसऱ्या भाकरीला वाढपी तोंड फिरवेल. कायदा मोबाईल कंपनीला लागू आहे तसाच तुम्हालाही आहे. आणि आयोगापेक्षा मोठी शिक्षा गिऱ्हाईक देतं, ते परत येत नाही. पेण-रोह्यासारख्या गावात तर बाजाराच्या दिवशी चार ठिकाणी सांगून मोकळं होतं. अट असेल तर शब्दाच्या शेजारीच, त्याच रंगात, वाचता येईल अशी लिहा.

गृहपाठ

१. घरातले आणि धंद्याचे सगळे नंबर लिहा. प्रत्येकाचा वर्षाचा खरा खर्च काढा, २८ दिवसांचा असेल तर १३ ने गुणा.

२. घरातल्या कोणत्याही तीन वस्तूंवरचे मदत क्रमांक बघा. १८०० किती, १८६० किती, आणि शेजारी काय लिहिलंय?

३. तुमच्या व्हिजिटिंग कार्डवर किंवा बोर्डवर ‘फ्री’ शब्द असेल तर त्याची अट एका ओळीत लिहा. ओळीत बसत नसेल तर तो शब्द काढा.

एवढं करून मगच पुढचा व्हिडिओ बघा. भेटू.