गाडीचा पिवळा दिवा लागला तर…



आपल्या काही गटांनी भाजी आणि मसाले बाजारात न्यायला पिकअप घेतली आहे. त्यामुळे या वेळचा पाठ गाडीचा आहे. घाबरू नका, पाना हातात घ्यायचा नाही. प्रश्न कसे विचारायचे, एवढंच शिकायचं आहे.

मे महिन्यात एका गटाच्या गाडीत इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने मशीन लावलं आणि म्हणाला, “सेन्सर गेलाय.” ३,८०० रुपये दिले, दिवा विझला. दोन दिवसांत परत लागला! मीही सोबत होते आणि मीही काही विचारलं नव्हतं, हे कबूल करते.

मग दुसरीकडे गेलो. तिथल्या दादांनी लॅपटॉप जोडला आणि म्हणाले, “ताई, हे बघा. गाडी म्हणतेय, इंजिनात जाणारी हवा उणे ४० अंश आहे.” आपल्याकडे, मे महिन्यात! सगळ्या हसल्या. दादांनी बॉनेट उघडलं. उंदराने वायर कुरतडली होती, एका तारेवर लोंबकळत होती. त्यांनी ती दाबून धरली तसा आकडा ४१ वर आला. वायर जोडून टेप मारली. खर्च १५० रुपये. म्हणजे जुना सेन्सर चांगलाच होता. तो कुठे आहे? आम्ही परत मागितलाच नव्हता.

मशीन नेमकं काय सांगतं?

आजच्या गाडीत छोटे संगणक असतात. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर जोडतात. संगणकाला काही चुकीचं दिसलं की तो एक कोड लिहून ठेवतो. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार आकडे किंवा अक्षरं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेंशन, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे संगणकांचं आपसातलं बोलणं.

आमचा कोड होता पी०११३. त्याचा अर्थ ‘हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’. सर्किटमध्ये सेन्सर आला, वायर आली, जोडणीही आली. कोड फक्त तक्रार सांगतो, दोषी कोण ते तपासूनच कळतं. गटात हिशोब जुळला नाही तर आपण लगेच कोषाध्यक्ष बदलतो का? आधी पासबुक बघतो, पावत्या बघतो. तसंच हे.

आणि कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नाही. पुसला की दिवा विझतो, पण बिघाड तिथेच राहतो. शिवाय बिघाड झाला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, अशी नोंद संगणकाने ठेवलेली असेल तर तीही जाते.

गॅरेजमध्ये हे करा

१. कोड पुसण्याआधी वहीत लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. तारीख आणि किलोमीटर टाका.
२. विचारा, “दादा, वायर आणि जोडणी तपासली का? चालू आकडा दाखवा.”
३. पार्ट बदलला तर जुना पार्ट आणि पक्की पावती घ्या.
४. काम झाल्यावर गाडी चालवून परत स्कॅन करायला सांगा.
५. खर्च आणि कोड दोन्ही मासिक बैठकीच्या इतिवृत्तात लिहा.

दिव्यांचे रंग

चावी फिरवल्यावर बरेच दिवे क्षणभर लागतात, ते बरोबर आहे. इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर लगेच थांबा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेने भाजतं.

बैठकीत चर्चा करा

- आपल्या गाडीचं सॉकेट कुठे आहे, कोणी पाहिलंय का?
- गेल्या वर्षी कोणता पार्ट बदलला? जुना पार्ट परत मिळाला का?
- गाडीची वेगळी वही कोण ठेवणार?

त्या गटाने आता वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर पी०११३ लिहिलंय आणि शेजारी एका ताईंनी उंदराचं चित्र काढलंय.

तुमची क्षेत्र समन्वयक