अलिबागला जाताना तिथी बघा

आपल्याकडे पाण्याची वेळ बघतात ती नळाला कधी येणार म्हणून. समुद्राच्या पाण्यालाही वेळ असते, आणि ती चुकवून चालत नाही, हे अलिबागला निघालेल्या अमरावती-अकोल्याच्या मंडळींना आधीच सांगून ठेवते.

आम्ही दिवस धरला संकष्टीचा. कुलाबा किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. दर्शनाला याहून चांगला दिवस कोणता, असं सासूबाईंचं म्हणणं. अकोल्याला नणंदेची मंडळी आमच्याच डब्यात चढली. साडेअकराच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तर किल्ला समोर अन् मधे पाणी. ‘‘एवढंसं तं पाणी आहे बाप्पा!’’ म्हणत नंदोई पँट दुमडून निघालेही. घोट्याचं पाणी बघता बघता गुडघ्याला लागलं, पायाखालची वाळू सरकायला लागली, तेव्हा एका घोडागाडीवाल्यानं ओरडून परत बोलावलं. ‘‘जाल हो, पण याल कसे? तीनला भरती आहे.’’

त्यानं घड्याळ पाहिलं नव्हतं, तिथी मोजली होती. पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला पहाटे अन् दुपारी तीन, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. द्वादशीला भरती नऊला, ओहोटी दुपारी तीनला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला घरचं कॅलेंडर पुरतं. अष्टमी-नवमी मात्र टाळा. ती भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, तसं पुरतं उतरतही नाही. अन् हिशेब जमला तरी पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

आम्ही मुक्काम वाढवून दुसऱ्या दिवशी सकाळी चालत गेलो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवले आहेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच निथळून जातं. भोवती खारं पाणी, पण आत गोड्या पाण्याची विहीर! सासूबाई देवळापेक्षा तिच्याजवळच जास्त रेंगाळल्या.

जाण्याचं म्हणाल तर मुंबईत सीएसएमटीला उतरल्यावर ऑटो शोधू नका, तिथे टॅक्सीच. गेटवेहून मांडव्याची लाँच मिळते. बहुतेकांच्या तिकिटात पुढची अलिबागची बस धरलेली असते, म्हणून तिकीट फेकू नका. पावसाळ्यात या लाँच बंद असतात.

संकष्टीचा उपास धरून मासळीच्या गावात जाणं ही तर आमचीच हौस. थाळीचा भाव माशाचं नाव घेऊन विचारा. सुरमई-पापलेटचा दर बांगड्याहून बराच चढा, आणि वेगळा तुकडा मागवला तर भाव आकारावर. भाकरी तांदळाची येते, ज्वारीची वाट पाहू नका. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा ‘ताजी मासळी’ची पाटी दिसली तरी जरा चौकशी करा.

परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. संध्याकाळची शेवटची लाँच हुकली की एसटीनं पेण-पनवेलमार्गे यावं लागतं, आणि रविवारी वडखळच्या गर्दीत एसटी अडकली तर अमरावती एक्स्प्रेस काही तुमच्यासाठी थांबत नाही.