चैत्रात माळ पाहायला चला

होळी होऊन गेली. ज्वारीची काढणी, मळणी उरकली. कडब्याच्या गंजी लागल्या. आता पाडव्यापर्यंत हाताला थोडी उसंत आहे. थंडी सरली आहे, आणि ऊन अजून पुरते तापलेले नाही. घरच्या मंडळींना घेऊन एक दिवस बाहेर पडावे, असे हे दिवस आहेत.

"बाहेर पडायचं खरं, पण जायचं कुठं? आपल्या सोलापुरात आहे काय? दगड, धोंडे आन् धूळ!" असे पुष्कळ लोक म्हणतात. सहल म्हणजे महाबळेश्वर, असे त्यांना वाटते. साताऱ्याजवळ कासचे पठार आहे. फुलांसाठी त्याचे नाव जगभर झाले आहे. २०१२ साली पश्चिम घाटाचे काही भाग जागतिक वारसा म्हणून निवडले गेले, त्यात कासही आहे. पण कासची फुले श्रावण-भाद्रपदातली. चैत्रात तिथे गेलात तर कोरडा कातळ पाहून परत याल.

वसंत ऋतू आपल्या कोरड्या मुलुखातच जास्त उठून दिसतो, असे आमचे मत आहे. त्याचे कारण सोपे आहे. आपल्याकडे झाडांची पाने गळून जातात. मग उघड्या फांदीवर फूल आले की ते लांबून दिसते. पळसाचेच पाहा. पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. पण फाल्गुनात ती तीनही नसतात. नुसती केशरी फुले! सारे झाड पेटल्यासारखे दिसते. साळुंक्या आणि इतर पाखरे फुलांतला मध प्यायला झाडावर गर्दी करतात. हीच फुले पाण्यात उकळून पूर्वी रंगपंचमीचा रंग करीत. तो रंग अंगाला बाधत नसे. पळसाच्या जोडीला काटेसावर आणि पांगारा ही झाडेही लाल फुलतात. ही झाडे पाहायची तर बार्शीच्या पुढे येडशीजवळ रामलिंगला जावे. ते धाराशिव जिल्ह्यात येते, पण आपल्याला जवळ आहे. तिथे बालाघाटच्या डोंगरात पानझडीचे जंगल आहे, दरीत महादेवाचे देऊळ आहे. माकडेही आहेत. तेव्हा भाकरीचे गाठोडे सांभाळा.

शहरात काही कामासाठी जाणार असाल, तर तिथेही बघण्यासारखे आहे. सिद्धेश्वराचा तलाव तुम्हांला माहीत आहेच. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तुम्ही तो पाहिलेला असेल. पण जत्रेत तलाव दिसत नाही, माणसेच दिसतात! फाल्गुनातल्या सकाळी जाऊन पाहा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर होऊन गेले. ते बसवेश्वरांच्या काळातले. त्यांनी कन्नडमध्ये वचने रचली, आणि लोकांना हाताशी धरून हा तलाव खोदला. देवाची भक्ती करायची ती लोकांना पाणी देऊन, असा त्यांचा मार्ग होता. आज आपण त्याच पाण्यात निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकतो, हे काही बरे नाही.

तलावाच्या काठालाच भुईकोट किल्ला आहे. डोंगरावर नाही, सपाट भुईवर बांधलेला, म्हणून भुईकोट. म्हाताऱ्या माणसांनाही तो सहज पाहता येतो. आत झाडे आहेत, हिरवळ आहे, बसायला सावली आहे. किल्ल्याला लागून हुतात्मा बाग आहे. ही हुतात्मा मंडळी कोण, हे मुलांना जरूर सांगा. १९३० साली सोलापुरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला होता. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. बागेत खेळताना मुलांना ही चार नावे पाठ झाली तर किती चांगले!

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल नावाचे गाव आहे. शहरापासून चाळीसएक किलोमीटर लांब, मंद्रूपच्या पुढे. तिथे भीमा आणि सीना या नद्या एकत्र होतात. (कर्नाटकातले कूडलसंगम वेगळे. तिथे बसवेश्वरांचे समाधिस्थान आहे. नावाच्या सारखेपणामुळे घोटाळा होतो.) आपल्या कुडलला चालुक्यांच्या काळातली जुनी देवळे आहेत. एका शिवलिंगावर साडेतीनशेहून जास्त मुखे कोरलेली आहेत. पण आम्ही तुम्हांला तिथे पाठवतो ते आणखी एका गोष्टीसाठी. संगमेश्वराच्या देवळात दगडी तुळईवर एक लेख कोरलेला आहे. तो शके ९४० मधला, म्हणजे इसवी सन १०१८ चा. हजार वर्षे झाली त्याला! सोलापूरचे आनंद कुंभार हे जुने शिलालेख शोधून वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी हा लेख उजेडात आणला. त्यातले एक वाक्य मराठी आहे. साल लिहिलेला मराठीतला सर्वांत जुना लेख हाच, असे कित्येक अभ्यासक मानतात. आणि त्या वाक्याचा अर्थ काय असेल? जो हे वाचेल, तो विजयी होईल!

आमच्या वर्गातल्या एका मावशींनी हे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हंजे माझ्यासाठीच लिवलंय की!" अक्षरे जुन्या वळणाची आहेत. ती तुम्हांला लागणार नाहीत. आम्हांलाही कष्टाने लागतात. पण कुणीतरी हजार वर्षांपूर्वी वाचणाऱ्याची वाट पाहत हे कोरून ठेवले, हे तिथे उभे राहून मनात आणून पाहा. मग संगमावर जा आणि शिदोरी सोडा. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असले की दुसरे काय हवे?

सोलापूरच्या उत्तरेला एकरूख तलाव आहे. त्यालाच लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात. आदिला नदीवर मातीचे धरण घालून १८७१ साली तो पुरा झाला. थंडीत तिथे लांबून हंस येतात. डोक्यावर काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात, आणि ऊन वाढू लागले की परत निघतात. तेव्हा ते पाहायचे तर उशीर करू नका. उजनीच्या पाण्यावर मात्र रोहित पक्षी उन्हाळ्यातही दिसतात. उंच पायांचे, गुलाबी पंखांचे. पाणी ओसरू लागले की उथळ चिखलात ते माना खाली घालून चरतात. करमाळ्याकडच्या लोकांना ते घरबसल्या पाहायला मिळतात, आणि बाकीच्यांना एस. टी. ने जावे लागते!

आता मुख्य गोष्ट. आम्ही माळाबद्दल सांगणार आहोत.

"माळावर काय बघायचं? कुसळं?" असे तुम्ही विचाराल. सरकारी कागदांवरसुद्धा अशा जमिनीला पडीक म्हणतात. पडीक म्हणजे ज्याचा उपयोग नाही ते. आम्हांला हा शब्द पटत नाही. माळ हे गवताचे रान आहे. सोलापूरकडे पाऊस कमी, माती पातळ. अशा जागी दाट जंगल वाढत नाही, गवत वाढते. पवन्या, मारवेल आणि कुसळी यांची मुळे माती धरून ठेवतात. धनगराची मेंढरे याच गवतावर जगतात. मेंढरांची लोकर माळावरची, म्हणून आपली घोंगडीही माळावरचीच म्हणायला हरकत नाही. तरवडाची पिवळी फुले बांधावर आणि माळावर आपोआप येतात. त्यांना कुणी खत घालीत नाही, की पाणी घालीत नाही. तरवडाची साल चांभार कातडे कमावण्यासाठी वापरीत. मग ही जमीन पडीक कशी?

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला नान्नज गाव लागते. तिथले गवताळ माळ सरकारने राखून ठेवले आहेत. हे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य. ते १९७९ साली जाहीर झाले. माळढोक म्हणजे साधेसुधे पाखरू नव्हे. उंची जवळजवळ तीन फूट. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगात थोडेच. काही गावांत त्याला हूम म्हणत, कारण पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, आणि तो आवाज माळावर लांबवर जातो. टोळ, किडे, सरडे, बोरे, धान्याचे दाणे असे मिळेल ते तो खातो. टोळ खाणारा पक्षी म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते. बहुधा वर्षाला एकच! त्यावर मेंढराचा पाय पडला, कुत्रे आले, की ते वर्ष फुकट गेले.

सोलापुरात बी. एस. कुलकर्णी नावाचे पक्ष्यांचे जाणकार होते. नान्नजच्या माळावर माळढोक आहे, हे त्यांनी लोकांपुढे मांडले. वर्षानुवर्षे ते माळ तुडवीत राहिले. त्या काळी इथे माळढोकांची टोळी दिसे. आज काय स्थिती आहे? गेल्या काही वर्षांत एखाददुसराच पक्षी कधीतरी दिसला. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात. तिकडे जैसलमेरच्या बाजूला २०१९ पासून माळढोकांची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. म्हणजे बघा, जे काम आपला माळ फुकट करीत होता, त्यासाठी आता यंत्रे लावावी लागतात.

असे का झाले? पूर्वी शिकार होत असे. पुढे विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचे त्याला नीट दिसत नाही. अंग जड, त्यामुळे तार जवळ आल्यावर वळता येत नाही. तो आदळतो आणि मरतो. ज्वारी, करडई, हरभरा यांच्या शिवारात तो खुशाल हिंडत असे. कालवे आले, विहिरी खोल गेल्या, ऊस उभा राहिला. उसाच्या फडात हा पक्षी राहू शकत नाही. कित्येक माळ नांगराखाली गेले, काहींवर घरे झाली.

यात शेतकऱ्याला बोल लावून चालणार नाही. पोटासाठीच तो नांगर धरतो. शिवाय पहिल्यांदा अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावेच्या गावे आली, पिकाखालची रानेही आली. जमिनीचे व्यवहार अडले. "माळढोक आला आन् आमचा सातबारा अडकला," असे लोक म्हणत. पक्ष्यावर राग धरीत. ती तक्रार खोटी नव्हती. २०१२ साली हे क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले. पण तोवर फार वर्षे निघून गेली होती. ज्याच्या दारात पक्षी राहतो, त्यालाच तो नकोसा झाला, तर नुसता कायदा त्याला किती राखणार?

माळढोक दिसला नाही तरी नान्नजचा माळ रिकामा नाही. सकाळी लवकर जा. काळविटांचे कळप दिसतील. नराची पाठ काळी, पोट पांढरे, शिंगे पिळाची. कळप उधळला की एकेक जनावर चेंडूसारखे हवेत उसळते. नशीब असेल तर लांडगा दिसेल, खोकड दिसेल. लांडगा मेंढरू नेतो, म्हणून धनगर त्याच्यावर चिडतो, हे खरे. पण तो माळाचा जुना रहिवासी आहे. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो. टिटवी याच दिवसांत अंडी घालू लागते. नुसत्या खड्यांत ठेवलेली, खड्यांच्याच रंगाची अंडी! पाय ठेवीपर्यंत दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचावर घातली की त्या साली पाऊस जास्त, असे जुनी माणसे सांगतात. खरे-खोटे तुम्हीच एखाद्या वर्षी पडताळून पाहा.

मात्र याच दिवसांत एक मोठी चूक होते. नवे गवत जोमाने यावे म्हणून कोणी माळाला काडी लावतो. कोणी विडी ओढून थोटूक तसेच टाकतो. फाल्गुनातले गवत वाळून कोळ झालेले असते. वारा असला की घटकेत वणवा पसरतो. टिटवीची, चंडोलाची, तित्तराची अंडी जमिनीवरच असतात. ती सारी जळतात. सशाची पिल्ले जळतात. गुरांच्या तोंडचा सुका चाराही जातो, आणि पुढच्या पावसात उघडी पडलेली माती ओढ्याला वाहून जाते. दुसरी चूक चांगल्या मनाने होते. माळ उघडा दिसतो म्हणून तिथे झाडे लावतात. झाड लावणे पुण्याचे, पण ते बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात. गवताच्या रानात दाट झाडी झाली की गवत सावलीत मरते, आणि उघड्यावर राहणारे पक्षी तिथून निघून जातात.

नान्नजला जायचे तर बार्शी मार्गाची एस. टी. धरा. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याच्या माणसांना भेटून परवानगी घ्या. नोंदवहीत नाव-गाव लिहायला सांगितले तर दुसऱ्याच्या हातात वही देऊ नका, स्वतः लिहा. पाट्या आहेत त्या थांबून वाचा. भडक कपडे नकोत. मातीच्या रंगाचे असले तर उत्तम. डोक्याला फेटा किंवा पदर असू द्या, पाणी भरपूर घ्या. गाणी-आरोळ्या नकोत, कुत्रे तर बरोबर नकोच. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर समजा की अंडी जवळच आहेत. जिथे उभे असाल तिथूनच, आल्या पावलांवर पाऊल टाकीत मागे फिरा. दहा वाजले की ऊन चढते, जनावरे सावलीला जातात. मग गावात येऊन एखाद्या लिंबाखाली बसा. पाडव्याच्या सुमाराला लिंब मोहरलेला असतो. मोहोर बारीक, पांढरा, चटकन नजरेत भरत नाही. पण वाऱ्याची झुळूक आली की त्याचा गोड वास येतो.