लाल काच परवडली

ज्योतीने मी फारसा कधी भाजलो नाही. काचकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. ज्योत दिसते, तिचा आवाज येतो, हात आपोआप लांब राहतो. लालबुंद काचही परवडली. भाजते ती लाली उतरलेली काच. बोरोसिलिकेटची नळी ज्योतीतून बाहेर काढली की थोड्याच वेळात ती पुन्हा नितळ दिसायला लागते, पण अंगात तीनचारशे अंशांची धग असते. आमच्यातल्या जुन्या माणसांच्या अंगठ्याचे आणि तर्जनीचे शेंडे बघा, निबर झालेले असतात.

महाराष्ट्रात काच म्हटलं की लोकांना तळेगावचा पैसा फंड कारखाना नाही तर ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवतो. आमचं काम त्या भट्टीचं नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांना लागणारे फ्लास्क, कंडेन्सर, स्टॉपकॉक बनवायचे आणि त्याहून जास्त म्हणजे मोडलेले जोडून द्यायचे. एक टेबल, गॅस-ऑक्सिजनचा बर्नर, एक लेथ, एक ॲनिलिंग ओव्हन. जागा लहान, माणसं दोन-तीन. अशा खोलीत अपघात कुठून येतो, हे नव्याने शिकणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं म्हणून हे लिहितो आहे.

गरम काचेसाठी दोन सवयी पुरतात. टेबलाची एकच बाजू गरम मालाची, तिथे दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही, मग तो विभागप्रमुख का असेना. आणि कुठलाही तुकडा उचलण्याआधी हाताची मागची बाजू त्याच्या जवळ न्यायची. लावायची नाही, जवळ न्यायची. धग लागली तर थांबायचं. बोटांनी चाचपून बघणाऱ्याला उत्तर मिळतं, पण उशिरा.

आता फ्लास्कची गोष्ट. एक संशोधक विद्यार्थी दुमानी फ्लास्क घेऊन आला. एका मानेला तडा. सोमवारी प्रयोग लावायचा होता, त्यामुळे घाईत. ‘सर, स्वच्छ धुतलाय,’ म्हणाला. खोटं बोलत नव्हता, फ्लास्क चकचकीत होता. माझ्या सहकाऱ्याने दुसऱ्या मानेत बूच बसवलं, तडा गेलेल्या मानेवर ज्योत धरली, आणि ‘भप्प’ असा आवाज होऊन फ्लास्क फुटला. एक कपची त्याच्या मनगटाच्या वर घुसली. फुंकायची रबरी नळी अजून तोंडात धरली नव्हती, हे नशीब. नाही तर ती पेटती वाफ सरळ तोंडात गेली असती.

फ्लास्क अ‍ॅसिटोनने धुतलेला होता. प्रयोगशाळेत लवकर वाळावं म्हणून शेवटी अ‍ॅसिटोन फिरवतात, ते त्यांच्या दृष्टीने स्वच्छच. आमच्या दृष्टीने ती वाफेने भरलेली, बूच मारलेली बाटली. मळका, डांबर चिकटलेला फ्लास्क आला तर कारागीर आपणच सावध होतो. फसवतो तो चकाकणारा. म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी हवी: आत काय होतं, कशाने धुतलं, शेवटचं धुणं पाण्याचं होतं का, नंतर पूर्ण वाळवलं का, आणि खाली सही. चिठ्ठी नाही तर काम नाही. अझाइड किंवा परक्लोरेट ज्यात वापरलं, ते भांडं दुरुस्तीला घ्यायचंच नाही. पारा असलेला जुना मॅनोमीटरही तसाच. काचेच्या खाचेत राहिलेला कण ज्योतीवर वाफ होतो, तिला रंग नाही, वास नाही. आणि सगळी तोंडं बंद असलेल्या भांड्याला कधीच आच द्यायची नाही, हवेला वाट ठेवायची.

त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते बर्नर बंद करण्याचं. आधी ऑक्सिजन, मग गॅस. पेटवताना उलट: आधी गॅस, मग ऑक्सिजन. हा क्रम रोज इतक्यांदा करायचा की घाबरल्यावरही हात तोच करतील, कारण तेव्हा डोकं कामाचं नसतं. ज्योत बर्नरच्या आत शिरून शिट्टीसारखा आवाज आला तरी क्रम हाच. नळ्यांवर ज्योत मागे जाऊ न देणारा अरेस्टर असतो. तो नसलेल्या टेबलावर मी बसत नाही.

कपची घुसली होती ती तशीच राहू दिली. बघणाऱ्याला ती उपटून काढावीशी वाटते, आणि तिथेच घोळ होतो: काचेने दाबून धरलेली शीर मोकळी होते. कपचीच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ फडक्याच्या घड्या लावून दाबलं, हात छातीच्या वर धरायला लावला. मग त्याला एकेक बोट वाकवायला सांगितलं, प्रत्येक बोटाला स्पर्श कळतो का विचारलं. बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल तर कंडरा किंवा नस कापलेली असू शकते आणि तसं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायला हवं. मागे कुणी तरी हळद आणायला धावलं होतं, त्याला अडवलं. दवाखान्यात एक्स-रे काढायचा आग्रह धरला. काच एक्स-रेत बहुतेक वेळा दिसते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि आत राहिलेला बारीक तुकडा महिन्यांनंतर त्रास देतो. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं. गाडीची सोय नसती तर १०८ होतंच.

डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही. रुतलेला असेल तर कागदी पेला उलटा ठेवून डोळा झाकायचा, दाब पडू द्यायचा नाही, आणि थेट डोळ्यांचा डॉक्टर. भाजल्यावर मात्र वेळ नळाखाली घालवायचा: वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई, कॉफी, तूप काही नको. अंगठी, कडं लगेच काढायचं, सूज आल्यावर ते कापावं लागतं. आमच्या बेसिनच्या नळाला मी घड्याळ टांगून ठेवलंय, कारण वीस मिनिटं म्हणून लोक दोन मिनिटांत हात काढून घेतात.

चष्म्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. आम्ही वापरतो तो जांभळट डायडिमियमचा चष्मा सोडियमचा पिवळा झगमगाट अडवतो, त्यामुळे ज्योतीतली काच नीट दिसते. इन्फ्रारेड तो विशेष अडवत नाही. क्वार्ट्झचं काम करताना तेज आणि उष्णता दोन्ही कितीतरी जास्त, तिथे वेल्डिंगची गडद काच हवी. भट्टीवर आयुष्य काढणाऱ्यांना मोतीबिंदू होत असे, वैद्यकीय पुस्तकांत त्याला काच फुंकणाऱ्यांचंच नाव आहे. क्वार्ट्झवर जी पांढरी धूळ बसते ती सिलिकाची. डोक्यावर धूर ओढणारा पंखा नसेल तर ती फुप्फुसात जाते. जुन्या टेबलांवर ॲस्बेस्टॉसचा पत्रा अजून दिसतो. तो कापू नका, झाडू नका, जाणकार माणूस बोलावून काढून घ्या.

कपडे सुती. नायलॉन, टेरीलीन वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, पदर, सैल बाही बांधून घ्यायची. आणि अंगावरची धूळ ऑक्सिजनच्या नळीने उडवायची जी वाईट खोड काही जणांना असते, ती पाहिली की मी ओरडतो. कापडात ऑक्सिजन मुरला की एक ठिणगी पुरते. त्याच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाला वास येण्याआधी तो टेबलाखाली भरलेला असू शकतो. म्हणून सिलिंडर बाहेर, उभे, साखळीने बांधलेले; आणि सकाळी आल्यावर दारं-खिडक्या आधी उघडायच्या, दिवा नंतर. वास आला तर कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. बाहेर जाऊन सिलिंडरचा कॉक बंद करायचा आणि तिथून १९०६ ला फोन.

एवढी काळजी घेणाऱ्या आमच्या खोलीत वर्षभरात जास्तीत जास्त कापून घेतलं ते झाडू मारणाऱ्या मावशींनी. कारागीर स्वतःला जपतो आणि तुकडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकतो. पिशवी मांडीला लागते, नाही तर हात घालून दाबली जाते. आता काचेसाठी जाड पुठ्ठ्याचं वेगळं खोकं असतं, पाऊणच भरायचं, टेपने बंद करायचं, वर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘काच’. गरम तुकड्यांना पत्र्याचा डबा, ते रात्रभर निवल्यावर खोक्यात. खोक्यावर काही लिहिलेलं नसेल तर मावशी ते दाराशीच ठेवून मला हाक मारतात.