म्हातारं माणूस पडू नये म्हणून

मैत्रिणींनो, घरातलं म्हातारं माणूस पडलं की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." पण ते कुठं पडलं ते आठवून बघा. मोरीत, उंबऱ्यावर, नाहीतर रात्री संडासला जाताना. म्हणजे दोष एकट्या वयाचा नाही, घराचाही आहे. वय कमी करता येत नाही, घर नीट करता येतं.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. पुढं त्यांनी गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायांना आरोग्याचे धडे दिले. त्या घरोघर जाऊन आजार व्हायच्या आधीच काळजी घ्यायला शिकवायच्या. आपल्या गटालाही हे जमेल. बचतीची बैठक झाली की दोघी-दोघींनी एकेका घरी जा. दिवे लागल्यावर जा, कारण अंधार कुठं आहे हे दुपारी कळत नाही.

बाजेपासून संडासापर्यंत आजीच्या चालीनं चालून बघा. दुमडलेलं गोणपाट, शेळीची दोरी, पाण्याची नळी, काय काय आडवं येतं? पायरीच्या कडेला रंगाची पांढरी पट्टी ओढा, अधू नजरेलाही ती दिसते. मोरीतली बुळबुळीत फरशी घासा. संडासात धरायला लोखंडी पाइपचा तुकडा भिंतीत पक्का बसवून घ्या. टॉवेलचा दांडा चालत नाही, तो भार पडला की हातात येतो. उशाशी बॅटरी ठेवा. झिजलेल्या सपाता टाकून द्या, आजोबा कितीही कुरकुरले तरी.

झोपेतून एकदम उठलं की चक्कर येते. आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं. तरी चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा. बीपीची गोळी मनानं बंद करू नका. रात्री उठावं लागतं म्हणून काही सासूबाई संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यानंही चक्कर येते. त्या आपणहून सांगणार नाहीत, विचारावं लागतं.

काठी उभ्या माणसाच्या मनगटाएवढी उंच असावी, खाली रबरी बूच हवं. 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या गरजूंना अशा वस्तूंसाठी एकदाच 3000 रुपये मिळतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

इतकं करूनही कोणी पडलंच, तर ओढून उभं करू नका. खुब्यात कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हाड मोडलेलं असू शकतं. चोळायचं नाही, हाडवैद्याची वाट बघायची नाही. आहे तिथंच पांघरूण घाला आणि 108 ला फोन लावा.