गोदामात पाणी येऊच द्यायचं नाही?

प्रश्न : चिपळुणात वाशिष्ठीकाठी आमचं आजोबांच्या वेळचं जांभ्याचं कौलारू गोदाम आहे. जुलै २०२१ च्या पुरात आत छातीभर पाणी होतं. तिथे खानावळ काढायची आहे. सिमेंटचा गिलावा करून दारं घट्ट बंद केली, तर पाणी आत येणार नाही ना?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खानावळ जरूर काढा, पण पाणी पूर्ण अडवायचा हट्ट सोडा. बाहेर मीटरभर पाणी आणि आत कोरडं, अशा वेळी भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. चुन्यातली जुनी भिंत त्यानं खचू शकते. गुडघाभर पाण्यापर्यंत दाराला फळ्या लावा; त्यापुढे ते आत येऊ द्या, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा होतो.

सिमेंटचा गिलावा तर नकोच. जांभा पाणी पितो; ते बाहेर पडायला वाट नसली की ओल मुरते आणि पोपडे निघतात. चुन्याचाच गिलावा करा.

भिंतीवर गाळाची रेघ अजून असेल तर पुसू नका. विजेचा मीटर, बोर्ड, फ्रीज तिच्या वर हवेत. सिलिंडर साखळीने बांधा, ते तरंगत जातात. प्लायवूड फुगतं, खाली शहाबादी फरशी आणि उचलून माळ्यावर नेता येतील अशी बाकं बरी. गाळ मात्र ओला असतानाच काढायचा.

खर्चाआधी गोदाम निळ्या पूररेषेच्या आत येतं का, हे नगर परिषदेत विचारा. पाया स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.