एक काम, दोन इंजिने

डोणगाव हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील गाव. अशा गावातील गॅरेजसमोर थोडा वेळ उभे राहा. एखादी जुनी मोटारसायकल ‘टर्रर्र’ आवाज करते आणि निळसर धूर सोडते. नवी मोटारसायकल मात्र ‘धक् धक्’ करत जाते. दोन्ही पेट्रोलवरच चालतात. मग हा फरक कशामुळे?

फरक आहे इंजिनात. इंजिनातील नळकांड्याला सिलिंडर म्हणतात. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली-वर सरकतो. त्याच्या एका धावेला ‘स्ट्रोक’ म्हणतात. इंजिनाला चार कामे करावी लागतात : पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवून शक्ती मिळवणे आणि धूर बाहेर टाकणे.

जर्मनीच्या निकोलस ऑटो यांनी १८७६ साली फोर-स्ट्रोक इंजिन यशस्वी केले. त्यात प्रत्येक कामाला एक धाव मिळते. झडपा वेळेवर उघडतात व मिटतात. त्यामुळे पेट्रोल वाया जात नाही.

टू-स्ट्रोक इंजिन हीच चार कामे दोन धावांत उरकते. त्यात झडपांऐवजी सिलिंडरच्या भिंतीला छिद्रे असतात. दट्ट्या वर जाताना वरचे मिश्रण दाबले जाते, त्याच वेळी खालून नवे मिश्रण आत येते. ठिणगी पडली, की दट्ट्या खाली येतो. धूर बाहेर जातो आणि नवे मिश्रण वर चढते. पण या घाईत थोडे न जळलेले पेट्रोलही धुराबरोबर निघून जाते. शिवाय वंगणाचे तेलही पेट्रोलबरोबर जळते. म्हणून धूर निळसर दिसतो. तेल घालायचे राहिले, तर दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये अडकतो.

१९८५ साली भारतात दोन गाड्या आल्या. यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोक होती, तर हीरो होंडा सीडी १०० फोर-स्ट्रोक. इंजिने जवळजवळ सारख्या आकाराची; पण पहिलीची शक्ती सुमारे ११ अश्वशक्ती, दुसरीची सुमारे ७. वेगात पहिली पुढे, पेट्रोलच्या बचतीत दुसरी.

मातीच्या उंचसखल मार्गावरील शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. तिथे हलके टू-स्ट्रोक इंजिन उड्या मारताना उपयोगी पडते. फोर-स्ट्रोकची शक्ती हळूहळू वाढते, म्हणून चिखलात चाक कमी घसरते. जागतिक स्पर्धेच्या एका गटात १२५ सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर २५० सीसीची फोर-स्ट्रोक उतरू शकते.

१९९६ आणि २००० साली भारतात धुराचे नियम कडक झाले. हळूहळू रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली बनणे थांबले. वेग सर्वांनाच आवडतो. पण धूर मात्र गाडीमागून चालणाऱ्याच्या छातीत जातो. यंत्र निवडताना त्याचाही विचार करायला हवा.

शब्दार्थ
झडप – उघडझाप करणारे झाकण
वंगण – यंत्राचे भाग झिजू नयेत म्हणून घालतात ते तेल
उंचसखल – कुठे उंच, कुठे खोल

स्वाध्याय
१. इंजिनाची चार कामे कोणती?
२. टू-स्ट्रोक गाडीचा धूर निळसर का दिसतो?
३. तुमच्या गावातील गॅरेजमध्ये जाऊन दोन्ही इंजिनांची माहिती विचारा व पाच वाक्ये लिहा.